सोळा आणि एक

रविवार, रात्रीचे पावणेबारा

प्रिय शमे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, तीन फोन उचलले नाहीत, सगळं मान्य. शिव्या भेटल्यावर घाल, आत्ता ऐक. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, खांदा अधूनमधून कुरकुरतो. झालं.

क्रूझचं तुला नंदूकडून कळलंच असेल. त्याच्या पोटात काही राहिलंय का कधी? आईला ८० पूर्ण होतायत म्हणून आठवडाभर इटली आणि ग्रीस. माणसं १७. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला अडीच वर्षांचं पिल्लू, आणि मधले आम्ही पंधरा, ज्यांचं जन्मात एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. खोल्यांचं दादाने बघितलं. बंदराला उतरून काय बघायचं ते मात्र "तुला आवड आहे ना" म्हणून माझ्या गळ्यात. शाळेच्या सहलीची वर्गणी एकदा मी गोळा केली, त्याची शिक्षा अजून भोगतेय.

मला वाटायचं, कार्यक्रमात रोम लिहिलंय म्हणजे उतरलं की रोम. कसलं काय! बोट लागते चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम ८० किलोमीटरच्या आसपास. फ्लॉरेन्स लिहिलेलं असतं आणि बोट उभी लिव्होर्नोला, म्हणजे पुन्हा जवळजवळ ९०. सकाळी सातला लागली की संध्याकाळी सातला सुटणार, त्याआधी अर्धा-एक तास सगळे आत हवेत. बोटीच्याच सहलीला गेलो आणि उशीर झाला, तर त्यांची जबाबदारी. आपले आपण गेलो, तर धक्क्यावरून टाटा करायचा. दादा म्हणतो, बोटीची सहल महाग. भावजी म्हणतात, झेंडा धरलेल्या बाईच्या मागून मी मेंढरासारखा फिरणार नाही. (ताईच्या मागून तीस वर्षं फिरतायत, ते सोड.)

आमचा रोमचा दिवस नेमका रविवार. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. वहिनींना ते मायकेलअँजेलोचं छत बघायचंच होतं. मी ग्रुपवर कळवलं, तर त्यांचं उत्तर असं की जणू पोपला रजा मीच मंजूर केली! पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. चिंट्या सहाचा, आणि अख्ख्या इटलीत त्याला फक्त तो मनोराच चढायचाय. सांगायचं कोणी, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी कोणीच सांगितलं नाही. इटलीतून ग्रीसमध्ये शिरलं की घड्याळ तासभर पुढे जातं, पण बोट आपलंच घड्याळ धरून बसू शकते आणि मोबाईल आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवतो. म्हणून सगळ्यांनी हातात साधं घड्याळ घालून बोटीची वेळ लावायची, असा मी हुकूम काढलाय. अभ्याने विचारलं, काटे कसे वाचतात?

आणि ते ग्रीसचं बेट, सँटोरिनी. तिथे मोठ्या क्रूझ बोटीला लागायला धक्काच नाही. बोट समुद्रात उभी राहते, आपण छोट्या बोटीतून काठाला जायचं. तिथून वर गावात जायला केबलकार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या, नाहीतर गाढव. गाढव म्हटल्यावर तुला कोण आठवलं ते मला माहीत आहे. मलाही तोच आठवला.

हे सगळं निभावलं असतं गं. अडलं ते व्हॅनवर. तिकडच्या व्हॅनमध्ये ड्रायव्हर सोडून आठच जण बसतात. दोन व्हॅन म्हणजे सोळा. आपण सतरा. तिसरी व्हॅन एका माणसासाठी? मोठी मिनीबस घ्यावी, तर पिल्लाच्या झोपेपायी सगळ्यांनी एकत्रच परतायचं. पंधरा दिवस मी हेच घोकतेय. जेवताना, भाजी निवडताना, तोंडाने सारखं सोळा आणि एक, सोळा आणि एक. आणि आई शेजारी बसून ऐकतेय, हे माझ्या ध्यानातच नाही.

परवा सगळे व्हिडिओ कॉलवर होते. मध्येच आई म्हणाली, "मी काही उतरत नाही. मला समुद्र बघायचाय, तो बोटीवरून दिसतोच. तुम्ही जाऊन या."

एक क्षण सगळे गप्प. मग ताई म्हणाली, खरंच, तिची दगदग वाचेल. दादा म्हणाला, बोटीवर सगळी सोय असते. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरही असतो. पाच मिनिटांत सगळे इतके खूश, की विषय बदलून कपड्यांवर गेला. आणि मी काय केलं सांगू? वहीत "२ व्हॅन" लिहून त्याला गोल केला.

शमे, त्याच वहीत एक वेगळं पान होतं, वर "आई" लिहिलेलं. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर, म्हणजे जुन्या देवळांच्या टेकडीवर, न चालता येणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, २०२० साली नवी बसवली. पाँपेईच्या, त्या ज्वालामुखीत गाडलेल्या गावाच्या, अवशेषांत सगळा दगडधोंडा, पण व्हीलचेअर जाईल असा तीनेक किलोमीटरचा रस्ता केलाय. सँटोरिनीला समुद्र हलत असला तर व्हीलचेअर छोट्या बोटीत घेत नाहीत, म्हणून त्या दिवशी मी तिच्याबरोबर मागे राहणार. सगळं शोधून ठेवलं होतं. ते पान मी उलटलंसुद्धा नाही. वाईट वाटलं ते रात्री. त्या क्षणी फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

काल तिला म्हटलं, तू उतरायचंस. तर म्हणते, "तू मला ओझं म्हणून नेऊ नकोस, आणि पुण्य म्हणूनही नेऊ नकोस." आता यावर काय बोलायचं?

तुझं घर रंगवून झालं का? मिनूच्या निकालाचं कळलं, तिला शाबासकी. अन् त्या वरच्या मजल्यावरच्या बाईंशी भांडू नकोस, तू हरतेस.

आता खरं विचारायचं ते. त्या गडावर तुझा पाय मुरगळला आणि तू म्हणालीस, "तुम्ही व्हा पुढे, मी बसते इथेच." आम्ही झालो पुढे. चार तासांनी उतरलो तर तू टाकीपाशी बसून दगडांचे ढीग रचत होतीस, आणि मग पावसाळाभर तू माझ्याशी बोलली नाहीस. मी तेव्हाही म्हटलं आणि नंतरही सगळ्यांना सांगत आले, की तूच म्हणालीस ना, जा म्हणून! पण विचारलं कधीच नाही. तुला काय हवं होतं? आम्ही कोणी वर जायचंच नव्हतं? की एकीने मागे थांबायला हवं होतं? की पुन्हा एकदा, नीट, "चल ना गं" म्हणायला हवं होतं?

खरं खरं लिही, माझं मन राखू नकोस. आणि गुरुवारच्या आत लिही. व्हॅनवाल्याला आकडा कळवायचाय.

तुझी,
बेबी