भोक बुजवायला आलो होतो, तात्या

तात्या, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर वाचत बसत नाही हे मला ठाऊक आहे. नात वाचून दाखवेल, तिच्या भरवशावर लिहितोय. तुमच्या शेडमध्ये मी दोनदा ‘लय उपकार झाले’ म्हणालो आणि दोन्ही वेळा तुम्ही मान खाली घालून रंधा मारायला लागलात. म्हणून आता चारचौघांत म्हणतो. इथं तुम्हाला रंधा मारता यायचा नाही.

माझं काम फिरतीचं. आज गडहिंग्लज, उद्या गगनबावडा, परवा राधानगरी. दिवसाचे पाच-सहा तास गाडीत जातात, आणि त्या तासांची सोबत म्हणजे गाणं. डिकीत बारा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, सील्ड बॉक्समध्ये. वाईट वाजायचा असं नाही. बंद पेटीत आतली हवा स्प्रिंगसारखी कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलत्या पडद्याला, मागं खेचते, त्यामुळं ठोका घट्ट येतो, पसरत नाही. गाडीची केबिनही खालच्या सुरांना आपसूक उठाव देते. पण माझा अँप्लिफायर लहान. चालत्या गाडीत टायरचा आणि इंजिनचा आवाज वर चढला की खालचे सूर त्यात बुडून जायचे. पोर्ट, म्हणजे पेटीला पाइप बसवलेलं भोक, दिला तर ट्यूनिंगच्या, म्हणजे ज्या सुराला तो पाइप घुमतो त्याच्या, आसपास साधारण तीन डेसिबल जास्त मिळतात. तेवढेच बंद पेटीतून काढायचे तर अँप्लिफायर दुप्पट ताकदीचा लागतो. तो घेण्याची ऐपत नव्हती. दुकानात विचारलं तर म्हणाले, ही पेटी फेकून द्या, नवीन घ्या.

मग मीच हात घातला. तीन इंची होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, आणला, पेटीच्या बाजूला भोक पाडलं आणि प्लंबिंगच्या पायपाचा दहा सेंटिमीटरचा तुकडा ठोकून बसवला. हिशोब काही केला नाही. पहिलं गाणं लावलं आणि पोटात गोळा आला. ढोलकी असो, डग्गा असो, बास गिटार असो, सगळं एकाच सुरात ढुम्म, ढुम्म. पायपातून सायकलच्या पंपासारखी फुसफुस. त्याच्याही खालचा सूर आला की कोन सुटल्यासारखा पुढंमागं व्हायचा आणि आतून टक टक आवाज यायचा. कॉइल मागच्या पत्र्यावर आपटत होती. अजून आठवडाभर तसंच वाजवलं असतं तर स्पीकर गेला असता.

तो बॉक्स घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आलो ते फक्त भोक बुजवायला. लेथवाल्यानं बोट दाखवलं, ‘पॅटर्नवाल्या तात्यांकडं जा, गोल चकती तेच बसवून देतील.’ तुम्ही पंपाच्या केसिंगचा लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून काढतात तो नमुना, घासत होता. मी बोलत होतो आणि तुम्ही बोटानं भोकाची कड चाचपत होता. मग विचारलंत, “पर भोक पाडलंस कशाला?” चकती किती रुपयांत, कधी मिळेल, यातलं काही नाही. मी घरी गेलो तेव्हा अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी सबवूफरचा माहितीकागद घेऊन या म्हणालात, म्हणून आणला. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढं १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरचा स्वभाव मोजक्या आकड्यांत बसवायची रीत घालून दिली. तेच आकडे आजही प्रत्येक चांगल्या स्पीकरबरोबर येतात. त्यातला एफएस (स्पीकर आपसूक ज्या सुराला डोलतो तो) भागिले क्यूईएस (कॉइल आणि चुंबक ते डोलणं किती आवरतात त्याचा आकडा) हा भागाकार ५० च्या आसपास किंवा खाली आला तर स्पीकर बंद पेटीचा, १०० च्या जवळ गेला तर पोर्टचा. माझा आला ६९. म्हणजे दोन्हीकडं जमणारा. “मग पेटी चुकली न्हाई, पेटी ल्हान पडली,” असं तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या डोक्यातला गुंता सुटायला लागला.

पण खरा सुटला तो पखवाजानं. मला पायपाच्या लांबीचं गणित फोनवर सापडलं होतं, अर्थ लागत नव्हता. तुम्ही भजनी मंडळात पखवाज वाजवता हे मला तेव्हा कळलं. म्हणालात, “डाव्या पुडीला कणीक लावतो न्हवं आमी? कणीक वाढली की पुडी जड हुती आणि सूर खाली बसतो. पायपातली हवा म्हंजे तुझी कणीक. पाइप लांब केलास, हवा वाढली, वजन वाढलं. आणि पेटीतली हवा म्हंजे वादी. पेटी मोठी केलीस की वादी सैल.” तात्या, मी या विषयावर महिनाभर वाचत होतो. इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या लहान पेटीत वादी ताणलेली होती आणि कणीक चिमूटभर. सूर पन्नास हर्ट्झच्या आसपास अडकला होता, म्हणून सगळी गाणी तिथंच ढुम्म करत होती.

मग तुमच्या पेन्सिलीनं, जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर हिशोब मांडला. पेटी आतून ४० सेंटिमीटर रुंद, ३६ उंच, २५ खोल, म्हणजे ३६ लिटर. रुंदी ६५ केली तर साडेअठ्ठावन्न. त्यातून स्पीकरचे अडीच, पायपाचे तीन आणि आधाराच्या फळीचा जवळपास एक लिटर वजा केला की उरतात ५२. पाइप चार इंची घ्यायचा, कारण तीन इंचीपेक्षा त्याचं तोंड जवळजवळ दुप्पट आणि वारा तेवढाच सावकाश. आतला व्यास कॅलिपरनं १०.४ सेंटिमीटर भरला. ट्यूनिंग मी ३४ हर्ट्झ धरलं. व्यासाचा वर्ग गुणिले २३५६२.५, त्याला भागायचं ३४ च्या वर्गानं आणि ५२ नं, आणि आलेल्यातून व्यासाची ०.७३२ पट वजा करायची. उत्तर ३४.८ सेंटिमीटर. हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. माझ्यासारखा आणखी कुणी होल सॉ हातात घेऊन उभा असेल, तर त्यानं आधी हे करावं.

एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, खुणा करायला मी तुमच्या बाकावरची पट्टी उचलली, आणि तुम्ही ती अक्षरशः हातातून काढून घेतलीत. ती श्रिंकेज स्केल होती. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतल्यावर मीटरला सुमारे दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नची पट्टी तेवढी मोठी आखलेली असते. त्या पट्टीनं मापलं असतं तर ६५ सेंटिमीटरला साडेसहा मिलिमीटर चुकले असते आणि एकही नवी फळी जुन्या पेटीला बरोबर भिडली नसती. मग साधी स्टीलची पट्टी माझ्या हातात दिलीत, वरचा कोपरा घासून गुळगुळीत झालेली.

मी समजत होतो की भोक पडलेली फळी आता तुम्ही उपटून टाकणार. तुम्ही टाकली नाहीत. “फेविकॉलनं धरलेला एमडीएफ उपटलास तर कडंला पापुद्रं सुटत्याल,” म्हणालात, आणि त्याच फळीत जिगसॉनं दोन मोठ्या खिडक्या पाडल्यात, म्हणजे जुन्या पेटीची आणि पुढं जोडायच्या नव्या कप्प्याची हवा एक झाली. माझं ते तीन इंची भोक अकरा सेंटिमीटरचं करून घेतलंत. नवा कप्पा बाहेरून जोडल्यावर पाइप नव्या फळीतून आत शिरून बरोबर त्याच भोकात टेकला. आता पेटीची मधली फळी दोन्ही बाजूंना ताणून धरते आणि पाइपही उचलून धरते. माझ्या हातून जे वाया गेलं होतं त्यावर तुम्ही अख्खी पेटी उभी केलीत. मी त्या दिवशी तोंडाला फडकं बांधलं होतं, एमडीएफचा भुस्सा उडत होता म्हणून. बरं झालं.

पायपाच्या बाहेरच्या तोंडाला तुम्ही कानशीनं आणि पॉलिश पेपरनं गोलाई दिलीत, जवळजवळ अर्धा तास. मी घाई करत होतो. “रस असू दे न्हाईतर वारा, त्याला कोपरा सोसत न्हाई,” एवढंच म्हणालात. साच्यात ओतलेला धातूचा रस तीव्र कोपऱ्यापाशी खवळतो, तसा वारा पायपाच्या धारदार कडेला खवळतो, आणि ती फुसफुस त्याचीच होती. आतल्या सांध्यांना सिलिकॉन भरल्यावर त्याचा आंबट वास जाईपर्यंत स्पीकर बसवू दिला नाहीत. बंद पेटीत भरलेला कापूसही काढायला लावलात, नाहीतर तो पायपातून बाहेर आला असता.

आणि त्या दिवशीची परीक्षा. पेटी पाठीवर निजवली, स्पीकरचं तोंड वर. तुम्ही कोनवर तांदळाचे चार दाणे ठेवलेत आणि पायपाच्या तोंडाशी उदबत्ती धरलीत. मी फोनवरून एकच सूर वाजवत एकेक हर्ट्झ खाली येत होतो. पन्नासला दाणे थयथय नाचत होते. चाळीसला संथ झाले. तेहतीसला दाणे जागच्या जागी बसले, आणि उदबत्तीचा धूर मात्र फाटून गेला. कोन जवळजवळ स्थिर, आणि आवाज सगळा पायपातून! अंगावर काटा आला माझ्या. तुम्ही पाइप मुद्दाम ३८ चा ठेवला होता, कारण कापता येतं, जोडता येत नाही. एकेक सेंटिमीटर कापत ३५ वर आलो, तेव्हा दाणे चौतीसला बसले. पंचविसाच्या खाली गेलो तर कोन सैरभैर होऊन दाणे उडाले. तिथं पेटी कोनला धरूच शकत नाही. म्हणून अँप्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारी चाळण, २८ ला लावला. पोर्टेड बॉक्सला तो हवाच. तो लावला नाही तर आठवड्याभरात पुन्हा तीच टक टक.

मजुरी विचारली तेव्हा तुम्ही फक्त फळीचे आणि पायपाचे पैसे घेतलेत. तीन संध्याकाळी तुमच्या गेल्या, आणि घरी जेवण थांबलेलं असायचं. काकूंना माझा नमस्कार आणि माफी, दोन्ही सांगा.

रविवारी रंकाळ्यावरून फुलेवाडीकडं गाडी काढली. डिकीत पेटी अशी ठेवलीय की पायपाचं तोंड बाजूच्या पत्र्यापासून वीतभर लांब राहील, तुम्ही सांगितलं होतं तसं. काचा वर, आवाज निम्म्यावर. एका अभंगाचं रेकॉर्डिंग लावलं. डाव्या पुडीवर पूर्ण थाप पडली आणि मागं घुमून विरत गेली. आधी फक्त थाप ऐकू यायची, तिचं विरणं आता ऐकू आलं. बायको शेजारी बसली होती. तिनं आवाज कमी करायला सांगितलं नाही, यातच काय ते आलं.

एक राहिलं. तुमची स्टीलची पट्टी चुकून माझ्या डिकीत आली आहे, पेटीच्या मागं सापडली. गुरुवारी मंडळाचं भजन असतं ना? सातला तुमच्या दारात गाडी आणतो. पट्टी घ्या, आणि पखवाज मागच्या सीटवर ठेवा, देवळापर्यंत मी सोडतो. वाटेत तुम्ही स्वतः ऐका आणि ३४ बरोबर आहे की एखादा सेंटिमीटर अजून कापायचा, ते सांगा.

तुमचा,
भोकवाला