बापू, अर्ज अजून देऊ नकोस

भिलवडी,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘आबा, सोमवारी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देतो आणि मोकळा होतो.’ मला रात्री बाराच्या पाळीला निघायचं होतं, त्यामुळे तेव्हा नुसतं ‘हूं’ म्हणालो. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. फोनवर आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून लिहायला बसलोय. पत्र शेवटपर्यंत वाच आणि तोवर अर्ज टेबलाच्या खणात राहू दे.

आधी माझं सांगतो. मीही गेला महिनाभर नोकरी सोडायचाच विचार करतोय आणि तुला बोललो नाही.

आमच्या साखर कारखान्याचा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात, बाराच्या पाळीला, माझ्या हातून पॅनमध्ये, म्हणजे साखर शिजवायच्या भांड्यात, खोटा दाणा पडला. तू एकदा आमच्या पॅनवर आला होतास, त्याला वीस वर्षं झाली असतील, म्हणून परत सांगतो. पॅनमध्ये पंचवीस इंचांच्या आसपास व्हॅक्यूम असतो, त्यामुळे सिरप सत्तर अंशांच्या आतच उकळतं आणि साखर करपत नाही. बारीक दाण्याचं बी सोडायचं आणि त्याला सिरप पाजत पाजत वाढवायचं. सगळी कसब त्या पाजण्यात. सिरप द्यायला उशीर झाला आणि माल फार घट्ट झाला, की मोठ्या दाण्यांच्या मधे नवीन पिठासारखा दाणा उठतो. तो खोटा दाणा. तसाच माल खाली सोडला तर मशीनला मळी सुटत नाही आणि सगळी पाळी बिघडते.

हे ओळखायला आजही काचेची पट्टीच लागते. प्रूफ स्टिकने नमुना काढायचा, काचेवर थेंब पसरायचा आणि बल्बसमोर धरायचा. चांगला दाणा एकसारखा दिसतो, कडा स्वच्छ, मधला रस नितळ. त्या रात्री मी काच धरली आणि मला सगळं नितळ दिसलं. शेजारी माझा हेल्पर पोरगा उभा होता. सहा वर्षं माझ्या हाताखाली आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, ‘आबा, मधे धुरळा वाटतोय.’ मी काच परत धरली. नाही दिसला. हात लांब केला, मान तिरकी केली, तेव्हा कुठे दिसला. गरम पाणी घेऊन तो दाणा विरघळवण्यात सव्वा तास गेला आणि तेवढी वाफ फुकट गेली. पॅनच्या रजिस्टरला मी माझ्या नावानंच नोंद केली. कुणी काही बोललं नाही. पण बापू, बत्तिसावा हंगाम आहे माझा. सकाळी आठला सायकल काढताना माझे हात कापत होते.

मिरजेला जाऊन डोळे दाखवले. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, उजव्या डोळ्यात जास्त. डॉक्टर म्हणाले, पिकायची वाट बघायचं काही कारण नाही, हंगाम संपला की करून टाका. तुझी वहिनी म्हणते, मग प्रश्न कुठं उरला? ऑपरेशन करा आणि साठीपर्यंत चालू द्या. तिचं म्हणणं चुकीचं नाही. आमच्याकडं निवृत्ती साठीला आहे, म्हणजे नियमानं मला अजून साडेपाच वर्षं आहेत.

मला मात्र त्या रात्रीनंतर एक गोष्ट स्वच्छ दिसली. तो पोरगा तयार झालाय. त्याला माझ्याआधी दिसलं, आणि दिसलं ते त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी शेवटचा हंगाम अंथरुणावर काढला. त्यांच्या हातचं निम्मं काम त्यांच्याबरोबर गेलं आणि आम्ही चुकत चुकत पुन्हा शिकलो. किती पॅन बिघडले असतील त्याची मोजदाद नाही. मला तसं करायचं नाही. त्याच्या मागे उभं राहून चार गोष्टी सांगण्याची ताकद अंगात आहे तोवरच मला जागा सोडायची आहे.

हे मनानं ठरलं, मग हिशेबाला बसलो. वहिनीची ती पुठ्ठ्याची वही तुला माहीत आहे. तिनं गेल्या बारा महिन्यांचा खर्च काढला. दवाखाना आणि लग्नकार्य सोडून महिन्याला बावीस हजार. पोरगा चाकणला आहे, बरं कमावतो, पण त्याच्या पगाराला हात लावायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. त्याच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता आहे.

माझ्या हातात काय येणार ते सांगतो. पीएफ एकोणीस लाखांच्या घरात आहे. २०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं तेव्हा उचल घेतली होती, नाहीतर जास्त असता. ग्रॅच्युइटीचा हिशेब मी स्वतः केला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तीस हजार. त्याला २६ नं भागायचं आणि कायम झाल्यापासूनच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवस धरायचे. कायम होण्याआधीचे माझे पाच हंगाम मात्र हंगामी कामगार म्हणून गेले, त्यांना कायद्यानं हंगामाला सातच दिवस. सत्तावीस वर्षं अधिक पाच हंगाम, सगळं मिळून पाच लाख सात हजार होतात. हंगामी कामगाराचे सात दिवस ही गोष्ट आमच्यातल्या कितीतरी जणांना शेवटच्या दिवशी कळते आणि मग ते हबकतात.

पेन्शनचं तर तू ऐकूच नकोस. तुझ्यासारखी आमची पेन्शन नाही. ईपीएस १९९५ ची, म्हणजे पीएफबरोबरची कर्मचारी पेन्शन योजना. पगार कितीही असला तरी पंधरा हजारच धरणार, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीला साडेसहा हजार. सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरनं भागायचं. बत्तीस वर्षं वाफेत उभं राहून मला साडेचार हजारांच्या आसपास मिळणार. अठ्ठावन्नला घेतली तर पूर्ण. त्याआधी मागितली तर दर वर्षामागे चार टक्के कायमची कमी. म्हणून पंचावन्नला बाहेर पडलो तरी पेन्शनचा अर्ज अठ्ठावन्नलाच करायचा, हे मी पक्कं केलंय. पोरं लवकर सुटतात आणि लगेच पेन्शनला हात घालतात, ते मला पटत नाही.

आता पंचावन्न का, ते सांगतो. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतर आहे, पण नोकरीतून निवृत्त झालेल्याला पंचावन्नपासून उघडता येते, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. सध्या ८.२ टक्के व्याज आहे. त्यात मी वीस लाख ठेवणार. वर्षाला एक लाख चौसष्ट हजार, म्हणजे दर तिमाहीला एक्केचाळीस हजार. महिन्याचे साडेतेरा हजारांवर पडले. एकरभर उसाचे खर्च वजा जाता वर्षाला ऐंशी हजार धर. महिन्याला एकूण वीस हजार. बावीसला दोन कमी पडतात. ते अठ्ठावन्नपर्यंत पीएफ-ग्रॅच्युइटीतल्या उरलेल्या चार लाखांतून भरायचे, पुढं पेन्शन सुरू झाली की भागतं. जूनमध्ये मला पंचावन्न पूर्ण होतात. चोपन्नला सोडलं असतं तर ही खिडकी मिळाली नसती.

भीती आहे ती दवाखान्याची. कारखान्याचा विमा राजीनाम्याबरोबर संपतो. सत्तरीनंतर आयुष्मानचं कार्ड सगळ्यांना मिळतं, पण पंचावन्न ते सत्तर या पंधरा वर्षांची सोय आपली आपण केलेली बरी. मी आत्ताच, नोकरीत असतानाच, दोघांचा विमा काढायला घेतलाय, म्हणजे जुन्या दुखण्याची वाट बघायची वर्षं आत्तापासून मोजली जातील. वहिनीच्या बीपीची गोष्ट फॉर्मवर स्पष्ट लिहिली. सप्टेंबरपासून अशा विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढा हप्ता हलका झाला.

आणखी एक गोष्ट जिवाला लागते. आमच्या गल्लीतले एक जण दुसऱ्या एका कारखान्यातून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी अजून नाही. हळदीच्या पिवळ्या पिशवीत सगळे कागद घेऊन ते दर महिन्याला जातात आणि संध्याकाळी तीच पिशवी घेऊन परत येतात. कायदा म्हणतो तीस दिवसांत द्या, उशीर केला तर व्याजासह द्या. त्यांनी लेखी अर्जच केला नव्हता, साहेबांच्या शब्दावर थांबले. गेल्या महिन्यात मी त्यांना घेऊन सांगलीला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलो आणि अर्ज दाखल केला. परतताना एसटीत ते पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षी ग्रॅच्युइटी हातात येणारच नाही, असंही मी धरून ठेवलंय. पीएफवर उभं राहता आलं पाहिजे, असंच ठरवलंय. पीएफच्या एकोणीसवर वर्षाला आठ हजार व्याज कमी येईल, ते चालेल.

आता तुझं.

तू १९९७ साली सरकारी नोकरीत लागलास, म्हणजे जुन्या पेन्शनमध्ये आहेस. वीसच्या वर वर्षं झालीत, तीन महिन्यांची नोटीस दिलीस की स्वेच्छानिवृत्ती मिळेल, कुणी अडवणार नाही. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. पैशाच्या बाबतीत तू माझ्यापेक्षा शंभर पटींनी सुरक्षित आहेस. तरीही मी तुला थांब म्हणतोय.

कारण तू रागात आहेस. साहेबानं चारचौघांत फाईल फेकली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बदलीचं पत्र आलं, आणि त्याच संध्याकाळी तू अर्ज लिहिलास. बापू, तो अपमान मला इथं बसून लागला. पण साहेब तीन वर्षांत बदलून जाईल आणि तुझी पेन्शन त्या महिन्याच्या पगारावर आयुष्यभर गोठेल. चार वर्षांच्या चार वेतनवाढी जातील. आणि तुझ्या घरी वहिनींना हे सगळं सांगितलंस का? तू फोनवर म्हणालास, ‘अर्ज दिल्यावर सांगतो.’ हे मला अजिबात आवडलं नाही. सगळ्या बोलण्यात तेवढंच एक वाक्य मला टोचलं.

दुसरं ते कासच्या रस्त्यावरचं होमस्टे. चाळीस टक्के पेन्शन विकून, म्हणजे तिचे एकरकमी पैसे घेऊन, ती रक्कम त्यात घालायची म्हणतोस. विकलेला भाग परत मिळायला पंधरा वर्षं लागतात, तेव्हा तू एकोणसत्तरचा असशील. कासला फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर. गर्दी खरी त्यातल्या दीड-दोन महिन्यांची, आणि तीही शनिवार-रविवारची. मी हंगामी धंद्यात आयुष्य काढलंय रे. पाच-सहा महिने चाक फिरतं आणि बाकीचे महिने खर्च तेवढाच असतो. आमच्या मागं हजारो एकर ऊस उभा आहे, तरी एखाद्या वर्षी पाऊस हुकला की सगळे हवालदिल. तुझ्यामागं चार खोल्या असतील आणि धाकटीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. तिची डिग्री होईपर्यंत तरी पेन्शन विकू नकोस. होमस्टे करायचंच असेल तर आधी कुणाचं तरी भाड्यानं घेऊन एक हंगाम चालवून बघ, रजा काढून. तुझ्या खात्यावर रजा पडून आहे.

कामाचा कंटाळा आला म्हणतोस, तो मला खरा वाटत नाही. गेल्या वर्षी कालव्याचं पाणी कुणाला कधी सोडायचं त्या पाळीपत्रकाबद्दल तू माझ्याशी दीड तास बोलला होतास. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं म्हणून तुझा आवाज भरून आला होता. कंटाळलेला माणूस असा बोलत नाही. बदलीच्या ठिकाणी सहा महिने जाऊन बघ. तिथंही मन लागलं नाही तर अर्ज दे, तेव्हा मी स्वतः तुझ्याबरोबर साताऱ्याच्या ऑफिसात येईन.

माझं असं ठरलंय. हा हंगाम पूर्ण करायचा, एप्रिलमध्ये डोळे करून घ्यायचे, पावसाळ्यात पॅनच्या ट्यूबा साफ करून टेस्ट होईपर्यंत थांबायचं. पुढच्या हंगामाचा पहिला पॅन त्या पोरानं घ्यायचा. मी मागे उभा राहणार, काचेला हात लावणार नाही. डिसेंबर २०२६ अखेर बाहेर. त्याला हे मी कालच सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसती काच पुसत राहिला. तुझी वहिनी अजून पूर्ण तयार नाही. तिला वाटतं, घरी बसलो की मी खचेन. मी तिला रोज थोडं थोडं सांगतोय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आठ ते चारला आहे. चारनंतर मोकळा. वहिनींना घेऊन ये, आणि येताना सर्व्हिस बुकाची झेरॉक्स आणि शेवटची पगारपावती आण. आपण औदुंबरला जाऊ, घाटावर बसू, आणि तुझा हिशेब चौघांत मिळून मांडू. हुरड्याची ज्वारी तोवर तयार होईल, तुझ्यासाठी सांगून ठेवतो.

साडेदहा वाजले. जेवून निघायचंय, आज पुन्हा बाराची पाळी आहे.

वहिनींना नमस्कार, पोरींना आशीर्वाद.

तुझा,
आबा