रविवारची पिकनिक : मुलं घेऊन येणाऱ्यांनी नक्की वाचा

मंडळी, रविवारी सकाळी आधी प्राणीसंग्रहालय आणि मगच तारांगण, उलट नको, कारण ऊन चढलं की वाघ-बिबटे सावलीत आडवे होतात आणि पोरं रिकामा पिंजरा बघत बसतात. तारांगणात शो सुरू झाला की सहसा आत सोडत नाहीत, त्यामुळे १५ मिनिटं आधी गेटवर या आणि मुलांची शू-शू आधीच उरकून घ्या प्लीज!! अगदी छोटी असतील तर कडेच्या सीट धरा, अंधाराला घाबरून रडारड झालीच तर पटकन बाहेर नेता येतं. निघताना मुलाचा एक फोटो काढून ठेवा, गर्दीत चुकलं तर शर्टचा रंगही आठवत नाही कोणाला (बाबा लोकांना तर नाहीच). शुक्रवारपर्यंत नावं टाका, मुलांचं वय पण लिहा, हाफ तिकीट त्यावरच ठरतं.