टर्बो इंजिन बांधताना आधी माप, मग माल

महोदय,

टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, बसवलेल्या छोट्या पेट्रोल गाड्या आपल्याकडे रुळल्या त्याला दहाएक वर्षे होत आली आणि आता त्यांची इंजिने खोलायला येऊ लागली आहेत. नाशिकमध्येही हे काम वाढते आहे, पण पुष्कळदा ते उलट्या टोकाने सुरू होते. इंजिन अजून गाडीतच असते आणि फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या, पिस्टनचा संच, मोठा टर्बो, रंगीत सिलिकॉन होज यांची खोकी दारात येऊन पडलेली असतात. ब्लॉकला बोअर गेज, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास (बोअर) मोजायचे साधन, लागतो तो त्यानंतर, किंवा लागतच नाही.

गाडी कशासाठी वापरायची, हे सर्वांत आधी ठरवावे. रोज अंबडला कामावर जायचे, महिन्यातून दोनदा कसारा घाट चढायचा, कधी समृद्धीवर तासन्‌तास एका वेगाने धावायचे आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, कंपनीने ठेवला तेवढाच राहणार, तर कंपनीचाच कास्ट (ओतीव) पिस्टन उत्तम. फोर्ज्ड पिस्टन मजबूत खरा, पण सगळे फोर्ज्ड सारखे नसतात. ४०३२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत साधारण १२ टक्के सिलिकॉन असते. तो तापल्यावर कमी फुगतो, म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातल्या कमी फटीत बसतो. २६१८ या दुसऱ्या मिश्रधातूत सिलिकॉन अगदी नावाला. तो नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या दणक्यांचा, मार जास्त सोसतो, पण फुगतोही जास्त. ८० मिमी बोअरला साधारण ०.०८ ते ०.१० मिमी फट ठेवावी लागते आणि आपल्याकडच्या जानेवारीच्या थंडीत इंजिन तापेपर्यंत पिस्टन टकटक करत राहतो. रस्त्यावरच्या गाडीचा बूस्ट थोडा वाढवायचाच असेल तर ४०३२ घ्यावा. २६१८ शर्यतीच्या गाडीलाच शोभतो.

पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोअर करू नये, म्हणजे कापून मोठा करू नये. खोक्यावर ०.५० ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठा) छापलेले असते, पण पिस्टन नेमका केवढा हे मायक्रोमीटरच सांगतो. बनवणाऱ्याने दिलेल्या उंचीवर स्कर्ट, म्हणजे पिस्टनची खालची बाजू, मोजावा, प्रत्येक पिस्टन वेगळा मोजावा आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाला होन करावा, म्हणजे आतून घासून घ्यावा. काही ॲल्युमिनियम ब्लॉकमधले लाइनर (सिलिंडरची आतली नळी) इतके पातळ असतात की ओव्हरसाइज पिस्टन मिळतच नाही. बोअर करून मोकळे झाल्यावर हे कळले तर ब्लॉक भंगारात. होनिंगच्या वेळी हेडच्या, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाच्या, जागी टॉर्क प्लेट ही जाड पाटी पूर्ण टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळलेली हवी. बोल्ट आवळले की बोअर शतांश मिलिमीटरच्या हिशेबात वाकडा होतो. प्लेटशिवाय होन केलेला बोअर मोकळा असताना गोल आणि हेड बसले की अंडाकृती, आणि मग नव्या इंजिनातून निळा धूर निघतो.

हेड फेसिंगलाही, म्हणजे हेडचा तळ तासून सपाट करण्यालाही, ‘जरासा हात मारा’ म्हणून सोडून देऊ नये. ८० मिमी बोअर, ४०० सीसीचा सिलिंडर आणि १० ला १ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते) धरले, तर ०.२ मिमी काढल्यावर चेंबरमधला सुमारे १ सीसी जातो आणि कॉम्प्रेशन १०.२ च्या घरात जाते. साध्या इंजिनाला हे चालून जाते. टर्बोवाल्याला नॉकिंगच्या दिशेने ढकलते. किती काढले ते लिहून घ्यावे आणि त्यावरून हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटची जाडी निवडावी.

आता रिंगा. डब्यातून काढून थेट पिस्टनवर चढवणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या रिंगेची गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, साधारण बोअरच्या ०.००४ पट ठेवतात, म्हणजे ८० मिमीला ०.३२. टर्बोला ०.००५५ ते ०.००६ पट, म्हणजे ०.४४ ते ०.४८ मिमी; पिस्टनबरोबर तक्ता आला असेल तर तोच अखेरचा. रिंग बोअरमध्ये इंचभर खाली, पिस्टननेच सरळ ढकलून बसवावी आणि फिलर गेजने मोजावी. गॅप कमी असली तर घाट चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये दहा मिनिटे पूर्ण बूस्टवर, रिंग फुगून तिची दोन टोके एकमेकांना भिडतात. मग तिला जायला जागा उरत नाही. ती बोअर ओरबाडते आणि पिस्टनचा रिंगेवरचा काठ उपटून काढते. दोष मात्र पिस्टनच्या माथी मारला जातो. गॅप एखाद्या शतांशाने जास्त झाली तर नुकसान फार तर थोड्या ब्लो-बायचे, म्हणजे रिंगांमधून खाली निसटणाऱ्या वायूचे. दुसऱ्या रिंगेची गॅप वरच्यापेक्षा किंचित जास्त असावी, म्हणजे दोन रिंगांच्या मध्ये दाब कोंडून वरची रिंग उचलली जात नाही.

बेअरिंगचा ढोबळ नियम व्यासाच्या हजाराव्या भागाचा: ५० मिमी जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ०.०५ मिमी तेलाची फट. नखाने चाचपून क्रँक ‘ठीक आहे’ म्हणणे बंद व्हायला हवे. ठरावीक टॉर्कनंतर अंशांत फिरवून आवळायचे हेड आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बहुतेक वेळा एकदाच वापरायचे असतात. त्यात काटकसर नको. रॉडला जास्त ताकदीचे बोल्ट घातले तर पकड बदलते आणि बिग एंडचा, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा, गोल बिघडतो, तेव्हा तो पुन्हा होन करून घ्यावा. पूर्वी बेअरिंग गेलेले असेल तर ऑइल कूलर धुऊन वापरू नये. त्याच्या आतला चुरा निघत नाही.

टर्बो बदलताना तो का गेला हे आधी शोधावे. बहुतेक वेळा कारण तेलाचे असते. तेल देणारी बारीक नळी आतून कार्बनने बुजलेली असते, म्हणून ती आणि तिचा बँजो बोल्ट (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) नवाच घालावा. परतीची नळी सरळ उतरती असावी, कुठेही झोल नको, आणि तिच्या फ्लँजला सिलिकॉन सीलंट लावू नये. आत पिळून गेलेला त्याचा गोळा तेल अडवतो. क्रँककेसचा श्वास कोंडला असेल, म्हणजे तिथला वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बुजला असेल, तर नवा कोरा टर्बोसुद्धा तेल ओकतो. जुन्या टर्बोची पाती तुटली असतील तर टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये तुकडे अडकलेले असतात, तो बदलावा. पहिल्यांदा सुरू करताना इंधन आणि इग्निशन तोडून, तेलाचा दाब येईपर्यंत फक्त स्टार्टर मारावा.

आकाराच्या मोहात पडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी, म्हणजे तेवढ्याच प्रत्यक्ष दाबासाठी टर्बोला जास्त फिरावे लागते. त्यात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. निव्वळ पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, तर या मिश्रणाला साधारण १३.५. इंजेक्टर आणि पंप निवडताना सुमारे नऊ टक्क्यांची ही इंधनवाढ धरावी, रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. थेट इंजेक्शनच्या टर्बोला ऑइल एपीआय एसपी दर्जाचे लागते. कमी वेगात जोर लावताना होणारे अकाली प्रज्वलन त्याने आटोक्यात राहते. ब्लॉकच बदलला तर नव्या इंजिन नंबरची आरटीओत नोंद करायला विसरू नये.

सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये रोज मायक्रॉनचे काम चालते. त्याच गावात गाडीचे इंजिन अंदाजाने बांधले जावे हे खटकते. गॅरेजमध्ये बोअर गेज नसेल तर ब्लॉक मोजून आणणे अवघड नाही. मालकांनी काम देतानाच मापांचा कागद मागावा: प्रत्येक बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांना, प्रत्येक पिस्टन, प्रत्येक रिंगेची गॅप, प्रत्येक बेअरिंगची फट, हेडमधून किती काढले ते, आणि बोल्टचा टॉर्क. जुनी बेअरिंग कोणत्या जर्नलची ते मार्करने लिहून टर्बोसकट घरी आणावीत. इंजिन का गेले ते त्यांच्यावरच दिसते.

— इंजिनकामातील दोन वाचक, सातपूर, नाशिक