टेकड्यांचे माथे मोकळे ठेवा, आमच्या क्रूसापासूनही

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहणारी मराठी ख्रिस्ती बाई. ईस्टरच्या पहाटे उघड्यावर, सूर्य उगवताना उपासना करावी अशी आमच्या लोकांची आवड आहे. मग कुणीतरी म्हणतं, टेकडीवर आपला एक क्रूस हवा, लांबून दिसणारा. बोलणारी माणसं भली असतात, जागा बळकावण्याचा विचार त्यांच्या मनालाही शिवत नाही. तरीही माझी आपल्याला विनंती आहे की वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर, कुठेही नवा क्रूस उभा राहू देऊ नका. नवं देऊळ, नवा दर्गा, नवा पुतळाही नको. नियम सगळ्यांना एकच हवा.

आल्प्समध्ये शिखरावर क्रूस असणं जुनंच आहे. ऑस्ट्रियातलं सर्वोच्च शिखर ग्रोसग्लॉकनर 1800 साली सर झालं तेव्हाच तिथे क्रूस रोवला गेला. पण ख्रिस्ती देशांतही आता यावर एकमत उरलेलं नाही. आयर्लंडच्या सर्वात उंच कॅरनटूहिलवरचा पाच मीटरचा पोलादी क्रूस 2014 मध्ये कुणीतरी ग्राइंडरने कापून पाडला. स्थानिकांनी तो काही दिवसांतच पुन्हा उभा केला. अमेरिकेत सॅन दिएगोच्या माउंट सोलेदाद टेकडीवरच्या क्रूसावरून 1989 मध्ये कोर्टकज्जा सुरू झाला तो पंचवीस वर्षांहून जास्त चालला, आणि शेवटी त्याखालची सरकारी जमीन खासगी संस्थेला विकून मिटवावा लागला. पुण्याला हा मार्ग परवडणारा नाही. इथे टेकडीची जमीन विकत घ्यायला टपलेली माणसं कमी नाहीत.

मला जास्त धास्ती केरळची वाटते. इडुक्की जिल्ह्यात चिन्नकनालजवळ पाप्पातिचोला इथे सरकारी जमिनीवर अतिक्रमण करून उभारलेला मोठा क्रूस महसूल अधिकाऱ्यांनी एप्रिल 2017 मध्ये पोलीस बंदोबस्तात काढला. त्यावरून राज्यभर वादळ उठलं, खुद्द मुख्यमंत्री अधिकाऱ्यांवर नाराज झाले. ज्या खुणेसमोर आम्ही गुडघे टेकतो ती सातबाऱ्याच्या भांडणात ढाल म्हणून वापरली जावी, याचं मला फार दुःख होतं. उघड्या माळावरचं बांधकाम पाडता येतं, पण त्यावर देवाची खूण आली की हात लावायला कुणी धजत नाही, हे अतिक्रमण करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आधी रंगवलेला दगड, मग सिमेंटचा कट्टा, मग पत्र्याची शेड, मग वीज, आणि एके दिवशी गाडी वर जाईल असा रस्ता. हे कुठल्या एका धर्माचं नाही.

ख्रिस्त डोंगरावर जात असे तो एकांतात प्रार्थनेला. बायबलमध्ये शोमरोन प्रांतातल्या एका स्त्रीने उपासना आपल्या डोंगरावर करावी की यरुशलेमात (जेरुसलेममध्ये), हा प्रश्न काढला, तेव्हा त्याने डोंगराचाही आग्रह धरला नाही आणि यरुशलेमचाही नाही. माझ्या श्रद्धेला तेवढा आधार पुरतो. पहाटे टेकडीवर जावं, गावं, प्रार्थना करावी आणि रिकाम्या हाताने खाली यावं. मागे गवत तसंच राहिलं पाहिजे, मोरांची वाट तशीच राहिली पाहिजे, आणि पावसाचं पाणी मुरायला माती उघडी राहिली पाहिजे.

कायदा आपल्या हातात आहेच. वनजमिनीचा वनेतर वापर करायचा तर 1980 च्या कायद्याने केंद्राची मंजुरी लागते. सार्वजनिक जागी कोणत्याही धर्माचं नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. पुण्याच्या काही टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षणही आहे. कमी आहे ती अंमलबजावणी, तीही पहिला दगड रंगवला जातो त्या आठवड्यात.

म्हणून वन विभाग, महसूल आणि महापालिका यांनी मिळून प्रत्येक टेकडीवर आज काय उभं आहे याची छायाचित्रांसह नोंद करावी आणि ती लोकांसमोर ठेवावी. पेशव्यांच्या काळातली पर्वती, चतुःशृंगी, वेताळाचं ठाणं ही शहराची जुनी श्रद्धास्थानं आहेत, त्यांना धक्का नको. नोंदीनंतर उभं राहिलेलं मात्र हटवावं, मग ते कुणाचंही असो. हटवताना त्या समाजाच्या लोकांना आधी बोलावून सांगावं, पवित्र वस्तू त्यांच्या हाती सन्मानाने द्यावी. हे काम अधिकाऱ्यांनी दिवसाढवळ्या करावं, जमावाच्या हाती कधीही जाऊ देऊ नये.

आमच्यापैकी कुणी क्रूसासाठी परवानगी मागायला आलंच, तर त्यांना नाही म्हणा आणि हे पत्र दाखवा.

आपली,
पुण्यातील एक ख्रिस्ती नागरिक