फेल्टवेबल म्हणजे हवालदार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुसऱ्या महायुद्धावरच्या मराठी लेखांत जर्मन ‘फेल्डवेबेल’चा (अधिकाऱ्यांच्या खालचा एक हुद्दा) कधी हवालदार होतो, कधी सुभेदार. (उच्चार खरे तर ‘फेल्टवेबल’.) भारतीय पायदळात हवालदाराकडे सेक्शन असते, म्हणजे दहाएक जवान. जर्मन कंपनीत मात्र तीनपैकी एक प्लाटून (अनेक सेक्शनची तुकडी) लेफ्टनंटकडे आणि बाकीच्या अनेकदा फेल्टवेबल किंवा त्याच्या वरच्या ओबरफेल्टवेबलकडे असत. कामाने तो आपल्या नायब सुभेदाराच्या जवळचा. पण सुभेदार जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, जवान आणि अधिकारी यांच्या मधला वर्ग), आणि तसा वर्गच जर्मन सैन्यात नव्हता. मूळ शब्द ठेवून कंसात काम सांगावे, हे बरे.

फोटोखालच्या ओळींत तर जास्तच घोळ होतो. खांद्यावर चांदणी दिसली की आपण अधिकारी समजतो. वेहरमाख्टचा (हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याचा) फोटो असेल तर आधी खांद्यावरच्या पट्टीच्या कडेची फीत पाहावी. फीत तीन बाजूंनी आणि बाहीकडची बाजू मोकळी असेल तर उंटरऑफिझियर, म्हणजे फेल्टवेबलच्या खालचा हुद्दा. चारही बाजू बंद, पण चांदणी नाही, तो उंटरफेल्टवेबल. बंद फितीत एक चांदणी म्हणजे फेल्टवेबल, दोन म्हणजे ओबरफेल्टवेबल, तीन म्हणजे श्टाब्सफेल्टवेबल. अधिकाऱ्याची पट्टी रुपेरी गोफाची असते आणि लेफ्टनंटच्या पट्टीवर चांदणीच नसते! तोफखाना आणि घोडदळात फेल्टवेबलच्याच हुद्द्याला वाख्टमाइस्टर म्हणत.

‘हाउप्टफेल्टवेबल’ हा त्या काळी हुद्दाच नव्हता, ती कंपनीतली नेमणूक होती. ओळखायची खूण म्हणजे दोन्ही बाह्यांच्या टोकाला फितीची दोन कडी, आणि कोटाच्या गुंड्यांमध्ये खोचलेली वही. हजेरी, ड्यूटी, रजा, कपडे, रेशन सगळे याच्याकडे; म्हणून त्याला ‘कंपनीची आई’ म्हणत. जवानांच्या तोंडी मात्र ‘श्पीस’. युद्धानंतर बुंडेसवेअरने (आजच्या जर्मन सैन्याने) ‘हाउप्टफेल्टवेबल’ हे नाव खऱ्या हुद्द्याला दिले. तिथे श्पीसचे काम करणारा कोम्पानीफेल्टवेबल, त्याच्या उजव्या खांद्यावर पिवळी दोरी असते. म्हणजे १९४३चा हाउप्टफेल्टवेबल आणि आजचा एक नव्हेत.

जाता जाता हिटलरविषयी. त्याला सर्रास ‘कॉर्पोरल’ लिहिले जाते. पहिल्या महायुद्धात तो गेफ्राइटर होता. शब्दाचा मूळ अर्थ पहाऱ्यातून मोकळीक मिळालेला, हुद्दा शिपाईवर्गातलाच. उंटरऑफिझियरपर्यंतही तो कधी पोहोचला नाही.

— एक वाचक, पुणे