पक्या, रायफल विकायच्या आधी हे वाच

पक्या,

विकू नकोस, एवढंच आधी सांगतो, बाकीचं पुढे. पन्नास मीटरवर गोळ्या पांगतात म्हणून लगेच नळी खराब ठरवायची काही गरज नाही, बावीसच्या (.२२ कॅलिबर) स्वस्त रायफलीतही नळी बहुतेकवेळा बरी असते, घोळ असतो तो काडतुसात, स्क्रूत आणि स्कोपमध्ये (नेम धरायच्या दुर्बिणीत).

पहिलं काडतूस. तू जी हाय व्हेलॉसिटी वापरतोयस ना, ती बाजूला ठेव. ती ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने निघते आणि वाटेत त्या वेगाखाली उतरते, ते उतरताना गोळी डगमगते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ध्वनीच्या आतच राहते. आता गंमत बघ, एक गोळी ३२० ने गेली आणि दुसरी ३३० ने, तर फक्त तेवढ्यामुळे ५० मीटरवर दोघींत सात-आठ मिलिमीटरचा उभा फरक पडतो. आणि ५० मीटरच्या मॅच (स्पर्धेच्या) टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ आहे किती, तर १०.४ मिमी! त्यामुळे ग्रुप (लागोपाठ मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) उभा लांबट येत असेल तर पहिला संशय काडतुसावर घ्यायचा, आडवा लांबट असेल तर आधी वारा बघायचा. रिमफायरमध्ये, म्हणजे तुझ्या बावीससारख्या काडतुसात, पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत पसरलेला असतो, तो सगळीकडे सारखा नसला की वेग कमीजास्त होतो, आणि यात आपण घरी बसून काही करू शकत नाही. म्हणून चार-पाच वेगवेगळ्या ब्रँडची एकेक पेटी घे आणि प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन ग्रुप काढ, एकाच ग्रुपवर भुलू नकोस. महागडी मॅच गोळी तुझ्या रायफलीला आवडेलच असं काही नाही हां, मधल्या भावातलीही कधीकधी भारी निघते. ब्रँड बदललास की पहिल्या काही गोळ्या मोजूच नकोस, नळीत आधीच्या गोळीच्या मेणाचा थर असतो, तो बदलायला वेळ लागतो.

दुसरं, स्क्रू. हे सगळ्यात फुकटचं काम आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. रायफल रिकामी आहे ना हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा बघ, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) काढून ठेव, मग स्कोपच्या माउंटचे सगळे स्क्रू तपास, त्यातला एक जरी सैल असला तरी बाकी सगळं व्यर्थ. मग दस्त्याचे अ‍ॅक्शन स्क्रू, म्हणजे रायफलीची यंत्रणा (अ‍ॅक्शन) दस्त्याला धरून ठेवणारे. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच घे, नसेल तर १५ ते २५ इंच-पाउंडच्या मध्ये टॉर्क ड्रायव्हरने थोडं थोडं वाढवत जा आणि दरवेळी ग्रुप काढ. लाकडी दस्ता असेल तर खालच्या बाजूनेच सुरू कर, आवळून लाकूड दाबलं गेलं की मग काही खरं नाही.

आता कागदाची पट्टी घे आणि नळी आणि दस्त्याच्या मधून सरकव. कुठे अडकते का बघ. काही रायफलीत पुढे मुद्दाम टेकू दिलेला असतो, तो असू दे, पण एकाच बाजूने दस्ता नळीला घासत असेल तर तेवढ्या जागेवर सँडपेपर फिरव, जरा जरा, घाई नको. एपॉक्सीचं बेडिंग (अ‍ॅक्शन दस्त्यात जिथे बसते ती जागा एपॉक्सीने भरणं) वगैरे नंतर बघू, तुला ते करायचंच असेल तर रिलीज एजंट (एपॉक्सी चिकटू न देणारा लेप) न लावता अजिबात करू नकोस, नाहीतर अ‍ॅक्शन दस्त्यात कायमची मुक्कामी जाईल.

साफसफाई पण कमीच कर. शिश्याची गोळी आहे, नळी फारशी झिजत नाही, उलट तोंडाकडून रॉड घालून नळीची कडाच लोक खराब करतात, आणि त्या कडेचीच गोळीला शेवटची साथ असते. मागून, रॉड सरळ ठेवणारं गाइड लावून, एवढंच लक्षात ठेव. नळीच्या तोंडावर कापसाचा बोळा हलकेच फिरवून बघ, धागा अडकला तर तिथे चरा आहे, मग ते काम गनस्मिथचं.

चाप जड आहे म्हणतोस, तिथे हात लावू नकोस प्लीज. स्प्रिंग कापणारे भरपूर व्हिडिओ आहेत, पण धक्का लागून गोळी सुटली तर तुला काय सांगणार मी. मॅन्युअलमध्ये सेटिंगचा स्क्रू असेल तर ठीक, नाहीतर जाणकाराकडे दे. रिकामा चाप ओढायचा सराव करायचा तर स्नॅप कॅप (नकली काडतूस) घाल, काही रिमफायरमध्ये पिन नळीच्या कडेवरच आपटते.

आणि हो, स्कोपचा पॅरलॅक्स. सेंटरफायरसाठीचा (मधोमध पेटणाऱ्या काडतुसाच्या रायफलीसाठीचा) स्कोप बहुधा १०० यार्डांवर बसवलेला असतो, ५० वर डोळा जरा हलला की रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवर सरकतं. रायफल सँडबॅगवर ठेवून, ती न हलवता बघ, डोळा हळूच वरखाली कर, दिसेलच लगेच. रायफल तशीच बॅगवर ठेवून ग्रुप काढ म्हणजे तुझा हात किती आणि रायफल किती हे वेगळं कळेल.

एकावेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर नक्की कशाने फरक पडला ते कळणार नाही. टार्गेटवर ब्रँड, लॉट नंबर, टॉर्क आणि वारा लिहून फोटो पाठव मला, मग पुढचं बोलू.

तुझाच,
संज्या